वाटीभर मटारातून डीएनए: काढायचा कसा, ओळखायचा कसा आणि वाचायचा कसा

शाळेत डीएनए काढून दाखवायचा म्हटलं की हटकून केळं किंवा स्ट्रॉबेरी घेतली जाते. ग्लासात पांढरा, बुडबुड्यांनी भरलेला गोळा तरंगला की फोटो निघतात आणि तास संपतो. त्या गोळ्यात डीएनए असतो हे खरं, पण त्यातला बराचसा भाग पेक्टिनचा असतो. जॅम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे, आणि अल्कोहोल ओतलं की तेही डीएनएसारखंच साकळून वर येतं. स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे तिच्यात डीएनए भरपूर, ही तिची जमेची बाजू. तरी पहिल्यांदा करणाऱ्याने मटार घ्यावेत. त्यांत पेक्टिन कमी, रंगाची अडचण नाही, आणि मंडईत पुरंदरचे चांगले भरलेले दाणे मिळतात. मटाराच्या जनुकसंचाच्या एका प्रतीत सुमारे ४४० कोटी बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या पिळदार शिडीच्या पायऱ्या, असतात, माणसाच्या साधारण ३१० कोटी. आकाराचा आणि हुशारीचा संबंध नाही, हे इथेच कळतं.

मटार नसतील तर कांदा चालतो. फ्रीजरमधले पाकीटबंद मटारही चालतात. ताजे दाणे घेतलेत तर आदल्या रात्री फ्रीजरमध्ये टाका. बर्फाचे स्फटिक पेशींच्या भिंती फाडून ठेवतात, मग मिक्सरला फार राबावं लागत नाही.

सामान

सोललेले मटार ५० ग्रॅम, गार पाणी ९० मिली, साधं मीठ दीड ग्रॅम म्हणजे चहाचा पाव चमचा सपाट, पारदर्शक भांडी धुण्याचं लिक्विड १० मिली, ताज्या अननसाचा रस एक चमचा, बर्फ, चहाची गाळणी, धुतलेलं मलमलचं फडकं, दोन उभे अरुंद ग्लास किंवा परीक्षानळ्या आणि एक लाकडी शीग. लिक्विड दुधाळ किंवा मोत्यासारखं चमकणारं नको, कारण त्यातली चमक धाग्यांसारखी दिसते आणि फसवते. ब्लीच असलेलं तर अजिबात नको, ते डीएनएचे तुकडे करतं.

खरी अडचण अल्कोहोलची. शुद्ध इथेनॉलवर उत्पादन शुल्क खात्याचे निर्बंध असल्यामुळे ते दुकानात सहज मिळत नाही. त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. औषधांच्या दुकानात बहुधा ७० टक्क्यांचं मिळतं. मोबाइल आणि सर्किट साफ करायला ९९ टक्क्यांचं वापरतात, ते इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या सामानाच्या दुकानांत विचारावं. पुण्यात त्यासाठी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास एक चक्कर पुरते. बाटलीवरचा टक्का वाचूनच घ्या, कारण पुढचं प्रमाण त्यावर ठरतं. सॅनिटायझरची जेल चालणार नाही. तिच्यात जाडी आणणारा पदार्थ असतो, तोच लोंबकळायला लागतो आणि मुलं त्याला डीएनए समजतात. रंगकामाच्या दुकानातलं स्पिरिटही नको, त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं.

अल्कोहोल बर्फासारखं गार हवं, पण घरातल्या फ्रीजरमध्ये अर्धवट झाकलेली बाटली ठेवणं धोक्याचं आहे. वाफ पेट घेते. स्टीलच्या पातेल्यात बर्फ घ्या, त्यावर मूठभर जाडं मीठ टाका आणि घट्ट बंद बाटली त्यात अर्धा तास रुतवून ठेवा. शेजारी गॅस पेटलेला नसावा.

काढण्याची कृती

मटार, गार पाणी आणि मीठ मिक्सरच्या लहान भांड्यात घाला. बटण दाबा-सोडा असं तीन-चार वेळा, एकूण दहा-पंधरा सेकंद. चटणी करायची नाही, भरड हवी. डीएनएचा रेणू लांबच लांब आणि जेमतेम दोन नॅनोमीटर जाड असतो. मिक्सरच्या पात्याखाली तो मधोमध तुटतो, आणि आखूड तुकडे शिगेला गुंडाळले जात नाहीत. लिक्विड या टप्प्याला घालू नका, नुसता फेस होईल.

भरड चहाच्या गाळणीतून गाळा. फार बारीक गाळलंत तर न फुटलेल्या पेशी वरच अडकतील. आता गाळलेल्या हिरवट पाण्यात १० मिली लिक्विड घालून चमच्याने हलकेच ढवळा, फेस येता कामा नये. पेशीचं आवरण आणि केंद्रकाचं आवरण, दोन्ही स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी थराचे असतात. तव्यावरचं तेल जसं साबणाने सुटतं तसेच हे थर सुटतात. मिश्रण थोडं बुळबुळीत लागायला लागलं तर ते चांगलं लक्षण. केंद्रकातून सुटलेला डीएनए पाण्याला दाटपणा आणतो.

भांडं साठ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी आणि नळाचं पाणी समसमान मिसळा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर असल्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. नळाचं पाणी २५ अंशांचं धरलं तर मिश्रण ६० च्या थोडं वर जातं आणि भांडं आत ठेवताच नेमकं खाली येतं. ही पायरी गाळणाऱ्यांना धागे का मिळत नाहीत, तर पेशी फुटली की तिच्यातलेच डीएनए तोडणारे एन्झाइम मोकळे सुटतात. साठ अंशांना त्यांची ताकद बरीच ओसरते. उलट पाणी ८० अंशांच्या वर गेलं तर डीएनएची दोन सूत्रंच एकमेकांपासून सुटू लागतात. दहा मिनिटं म्हणजे दहाच, 'राहू दे अजून थोडा वेळ' इथे चालत नाही.

भांडं बाहेर काढा, कोमट होऊ द्या, मग अननसाचा रस घालून पाच मिनिटं थांबा. डीएनए पेशीत हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. अननसातलं ब्रोमेलिन ही प्रथिनं कापतं. डब्यातला अननस घेतलात तर काहीच होणार नाही, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने ब्रोमेलिन निकामी झालेलं असतं. रस घरी नसेल तर ही पायरी सोडा. धागे मिळतील, फक्त थोडे चिकट आणि मळकट.

नंतर भांडं पाच मिनिटं बर्फात ठेवा आणि चौपदरी मलमलीतून संथपणे गाळा. पिळू नका. पिळलं की स्टार्च खाली उतरतो. त्यातलं १० मिली अरुंद ग्लासात घ्या. अल्कोहोल ९९ टक्क्यांचं असेल तर १० ते १२ मिली, ७० टक्क्यांचं असेल तर किमान २० मिली लागेल. हिशेब सोपा आहे. एकत्र झाल्यावर अल्कोहोल निम्म्याच्या आसपास असायला हवं. ७० टक्क्यांचं समप्रमाणात ओतलंत तर ते ३५ टक्क्यांवर येतं आणि धागे विरघळलेलेच राहतात. ग्लास तिरका धरा, आणि शेवयांवर तूप सोडावं तशा बारीक धारेने, काचेच्या कडेवरून अल्कोहोल सोडा. ते हलकं असल्यामुळे वर वेगळा थर करून बसतं.

आता हात लावू नका. मिनिट-दोन मिनिटांत दोन थरांच्या सीमेवर आधी धुरकट पट्टा दिसतो, मग त्यातून केसासारखे पांढरे धागे वर चढू लागतात. त्यांना अडकलेले हवेचे बुडबुडे त्यांना वर ओढून नेतात. पाच-सात मिनिटांनी शीग सीमेपाशी धरून एकाच दिशेने सावकाश फिरवा. सुतासारखा गुंता शिगेला लागतो.

हे धागे अल्कोहोलमध्येच का दिसतात याचं उत्तर रेणूच्या रचनेत आहे. डीएनएच्या कण्यात प्रत्येक पायरीला एक फॉस्फेट गट असतो आणि त्यावर ऋण प्रभार असतो. समान प्रभार एकमेकांना दूर ढकलतात, पाणी त्यांना वेढून घेतं, म्हणून डीएनए पाण्यात सुखाने विरघळतो. मिठातला सोडियमचा धन आयन या फॉस्फेटकडे ओढला जातो, पण पाण्यात ही जवळीक टिकत नाही. पाणी प्रभारांमधलं आकर्षण खूप कमी करतं: त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ८०, तर इथेनॉलचा जेमतेम २५, आयसोप्रोपिलचा त्याहून कमी. अल्कोहोल आलं की सोडियम फॉस्फेटला चिकटतो, प्रभार झाकला जातो, रेणू एकमेकांजवळ येऊन साकळतात. मीठ घालायला विसरलात तर सगळं बरोबर करूनही ग्लास रिकामा राहतो.

बिघडलं तर

धागे नाहीत आणि सीमेवर नुसता ढग आहे, तर बहुतेक वेळा मिक्सर जास्त फिरलेला असतो. ढग डीएनएचाच असतो, फक्त तुकडे आखूड. काहीच नाही, ढगही नाही, तर आधी अल्कोहोलचा टक्का आणि गारपणा तपासा. दोन थर झालेच नाहीत आणि सगळं एकजीव झालं, तर धार वरून जोरात पडली. अशा वेळी ग्लास बर्फात अर्धा तास ठेवून पाहा, तळाशी काही तरी बसतं.

तळाशी बसलेलं सगळं मात्र डीएनए नसतं. मटारात स्टार्च असतो, तो पावडरीसारखा खाली जातो. धागे वर, पावडर खाली, ही पहिली खूण. दुसरी खूण म्हणजे तुलनेचा ग्लास, आणि हा प्रत्येक वेळी ठेवायलाच हवा: भरड गाळल्यावर त्यातला थोडा भाग लिक्विड न घालता बाजूला काढा आणि बाकी सगळं तसंच करा. त्यात धागे अगदी कमी आले तर मूळ ग्लासातले धागे आवरणं फुटल्यामुळे आले, असं म्हणता येतं. दोन्हीकडे सारखाच गोळा आला तर तुम्ही पेक्टिन काढलंय. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या मिथिलीन ब्लूने धागे निळे होतात, दिसायला छान, पण त्यावर पुरावा म्हणून विसंबू नका, कारण पेक्टिनही निळं होतं.

कॉलेजची प्रयोगशाळा हाताशी असेल तर पक्की परीक्षा करता येते. डायफिनाइलअमिनची चाचणी डीएनएतल्या डीऑक्सिरायबोज साखरेला निळा रंग देते, ऑर्सिनॉलची चाचणी आरएनएतल्या (डीएनएवरून काढलेल्या कामापुरत्या प्रतीतल्या) रायबोज साखरेला हिरवा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० आणि २८० नॅनोमीटरचं शोषण मोजा. गुणोत्तर १.८ च्या आसपास आलं तर डीएनए बऱ्यापैकी शुद्ध, २ च्या जवळ गेलं तर आरएनए जास्त, १.६ च्या खाली आलं तर प्रथिनं उरली आहेत. घरगुती पद्धतीत १.८ येण्याची अपेक्षा ठेवू नका. लिक्विडमधले घटकही याच पट्ट्यात प्रकाश शोषू शकतात.

शिगेवर जे दिसतं तो एक रेणू नव्हे, लाखो रेणूंचा पीळ आहे. एक रेणू डोळ्यांना दिसणं शक्य नाही. म्हणून आता पुठ्ठा घ्यायचा.

दहा कोटी पट मोठी शिडी

१ नॅनोमीटरला १० सेंटिमीटर हे प्रमाण धरा. मग सगळी मापं सोपी होतात. जाडी २ नॅनोमीटर म्हणजे २० सेंमी. एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतचं अंतर ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे ३.४ सेंमी. तीस पायऱ्यांचं मॉडेल सुमारे १०२ सेंमी उंच होईल. याच प्रमाणात माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए, जो मुळात साधारण दोन मीटर भरतो, दोन लाख किलोमीटर लांब होईल. पृथ्वीला पाच वेढे.

सव्वा मीटरची ६ मिलिमीटर जाड लाकडी दांडी, एक जाड लाकडी पाट, ३ मिलिमीटरचा माउंट बोर्ड, चार रंगांचे घोटीव कागद, आणि दोन रंगांची रिबन. पुण्यात कागद-बोर्ड अप्पा बळवंत चौकात, दांडी बोहरी आळीत. प्रत्येक रंगाची रिबन सव्वादोन मीटर घ्या. मॉडेल एक मीटरचं म्हणून एकच मीटर आणणारे हमखास परत फिरतात, कारण कणा सरळ वर जात नाही, फिरत जातो, आणि दर पायरीला त्याला जवळपास सात सेंमी लागतात.

पायऱ्या सरळ पट्टीच्या कापू नका, आणि बहुतेक मॉडेलं इथेच चुकतात. बेसजोडी कण्यातल्या ज्या दोन साखरांना जोडलेली असते त्या बरोबर समोरासमोर नसतात. दोघींमधला कोन एका बाजूने सुमारे १२० अंश आणि दुसऱ्या बाजूने २४० असतो. म्हणून प्रत्येक पायरी बूमरँगसारखी कापा: १० सेंमीच्या दोन भुजा, मधे १२० अंश, रुंदी अडीच सेंमी, कोनाच्या टोकाशी ६ मिलिमीटरचं घट्ट छिद्र. असं केलं की पूर्ण मॉडेलवर दोन खोबणी आपोआप उमटतात, एक रुंद आणि एक अरुंद. जनुक चालू-बंद करणारी कित्येक प्रथिनं रुंद खोबणीतूनच बेसचा क्रम ओळखतात, त्यांना शिडी उघडावी लागत नाही. सरळ पट्टी घेतलीत तर दोन्ही खोबणी सारख्या होतात आणि ही गोष्ट समजावून सांगायची सोयच राहत नाही.

चार प्रकारच्या बेसना रंग असे लावा: ए लाल, टी पिवळा, जी हिरवा, सी निळा. ए आणि जी हे दोन वलयांचे बेस, म्हणून त्यांचा कागद १२ सेंमी, कोन ओलांडून पलीकडे जाणारा. टी आणि सी एका वलयाचे, त्यांचा ८ सेंमी. मोठा अधिक लहान मिळून नेहमी २०. दोन मोठे समोरासमोर आले तर शिडी फुगेल, दोन लहान आले तर आत खचेल. आयर्विन शारगाफ यांनी १९५० च्या सुमारास वेगवेगळ्या जिवांतल्या डीएनएत ए आणि टी सारखे, जी आणि सी सारखे असल्याचं मोजून दाखवलं होतं. रोझालिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत रेमंड गॉस्लिंग यांनी १९५२ मध्ये घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्रात पिळाच्या खुणा उमटल्या. एप्रिल १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी या दोन्हींचा मेळ घातला, आणि त्यात पुठ्ठ्याचे बेस सरकवून पाहण्याचा मोठा वाटा होता. तेव्हा पुठ्ठ्याला कमी लेखू नका.

ए-टीच्या सांध्यावर दोन रेघा, जी-सीच्या सांध्यावर तीन. हे हायड्रोजन बंध. जी-सी जास्त असलेला डीएनए उलगडायला जास्त तापमान लागतं. त्यात तिसऱ्या बंधाबरोबरच पायऱ्या एकमेकींवर रचल्या जाण्यातून येणाऱ्या पकडीचाही मोठा वाटा असतो. कागद पायरीच्या दोन्ही अंगांना चिकटवा. का, ते शेवटी कळेल.

आता क्रम. नेहमीचे 'एटीजीसी एटीजीसी' नको. खाली माणसाच्या बीटा ग्लोबिन जनुकाची सुरुवात आहे, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीची. खालून वर एका सूत्रावर हा क्रम लावा:

एटीजी – जीटीजी – सीएटी – सीटीजी – एसीटी – सीसीटी – जीएजी – जीएजी – एएजी – टीसीटी

समोरच्या सूत्रावर जोडीदार येतील: टीएसी, सीएसी, जीटीए, जीएसी, टीजीए, जीजीए, सीटीसी, सीटीसी, टीटीसी, एजीए.

दांडी पाटात रोवा. पहिली पायरी घाला, तिच्यावर ३.१ सेंमीची नळी, मग दुसरी पायरी. बोर्डाचे ३ मिलिमीटर धरून ३.४ होतात. नळ्या जुन्या स्केचपेनच्या चालतात. प्रत्येक वरची पायरी वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ३४ अंश फिरवा. त्यासाठी पुठ्ठ्याचा ३४ अंशांचा तुकडा कापून ठेवा. एका पूर्ण वेढ्यात साधारण साडेदहा पायऱ्या बसतात, म्हणून २२ वी पायरी जवळजवळ पहिलीच्या डोक्यावर यायला हवी. नसेल तर दिशा किंवा कोन कुठे तरी चुकलाय.

पीळ उजवा आहे ना, हे साध्या स्क्रूशी ताडून पाहा. स्क्रू उभा धरला की समोरचे आटे डावीकडून उजवीकडे चढतात. तुमच्या रिबनीही तशाच चढायला हव्यात. जाहिरातींत, बोधचिन्हांत, अगदी शाळांच्या भिंतींवरही डावा पीळ सर्रास रंगवलेला सापडतो.

रिबनी भुजांच्या टोकांना चिकटवा आणि त्यांवर बाण काढा, एकीवर वर जाणारे, दुसरीवर खाली येणारे. साखरेच्या कार्बन अणूंना क्रमांक असतात. एका साखरेचा ५ क्रमांकाचा कार्बन फॉस्फेटमार्फत शेजारणीच्या ३ क्रमांकाच्या कार्बनला जोडलेला असतो. त्यामुळे सूत्राला एक दिशा मिळते, आणि दोन सूत्रं विरुद्ध दिशांना तोंड करून असतात. हे बाण काढायला कंटाळा करतात खरा, पण त्यांच्याशिवाय पुढचा भाग लागत नाही. नवी साखळी बांधणारं एन्झाइम नवीन मणी (साखर, फॉस्फेट आणि बेस मिळून एक) फक्त ३ च्या टोकाला ओवतं. पेशी दुप्पट होताना एक सूत्र सलग तयार होतं आणि दुसरं तुकड्या-तुकड्यांत, ते यामुळेच.

ग्लासातला आरएनए कुठे गेला

तुमच्या शिगेवर आरएनएही आहे, कारण त्यालाही तोच फॉस्फेटचा कणा. पेशीत तो थोडाथोडका नसतो, त्यातला सुमारे ८० टक्के भाग एकट्या रायबोसोमल आरएनएचा, म्हणजे प्रथिनं जोडणाऱ्या रायबोसोममधल्या आरएनएचा. पण तो लांब धागे करत नाही. रेणू आखूड, बहुधा एकेरी सूत्राचा, स्वतःवरच दुमडून गाठी-वळसे घेणारा. टीच्या जागी यू. आणि साखरेच्या २ क्रमांकाच्या कार्बनवर एक जादा हायड्रॉक्सिल गट.

हा एवढासा गट आरएनएचा स्वभाव ठरवतो. अल्कधर्मी द्रावणात तो शेजारच्याच फॉस्फेटवर हल्ला करून साखळी तोडतो. प्रयोगशाळेत सौम्य कॉस्टिक सोड्यात ३७ अंशांना रात्रभर ठेवलं की आरएनएचे सुटे मणी होतात. डीएनएची सूत्रं फक्त वेगळी होतात, तुटत नाहीत. भर म्हणून आरएनए तोडणारी एन्झाइम बोटांवर, घामात, सगळीकडे असतात आणि उकळूनही सहजासहजी मरत नाहीत. त्यामुळे घरी आरएनए वेगळा काढण्याच्या फंदात पडू नये. कोविडच्या काळात नमुने बर्फाच्या पेटीतून का नेले जायचे, तेही यावरून कळतं: विषाणूचा जनुकसंच आरएनएचा होता. आरटी-पीसीआरमधली 'आरटी' म्हणजे त्या आरएनएवरून आधी डीएनएची प्रत काढायची पायरी, कारण पुढची यंत्रणा डीएनएच वाढवते. पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीने बनवलेल्या आणि जून २०२२ मध्ये मंजुरी मिळालेल्या एमआरएनए (प्रथिनाचा निरोप नेणारा आरएनए) लशीत हाच नाजूकपणा सांभाळायचा होता. गोठवून सुकवलेल्या रूपात ती साध्या फ्रीजच्या २ ते ८ अंशांत ठेवता येते.

डीएनए दीर्घकाळ जपायची प्रत, आरएनए कामापुरती काढलेली झेरॉक्स. काम झालं की ती फाटायलाच हवी, नाही तर पेशी नको ती प्रथिनं बनवतच राहील. नाजूकपणा हा इथे दोष नव्हे.

वाचून पाहा

मॉडेलसमोर बसा आणि उतरत्या बाणाच्या सूत्रावरून, म्हणजे टीएसी-सीएसीवरून, एमआरएनएची पट्टी लिहा. पट्टी खालून वर वाढते. टीसमोर ए, एसमोर यू, सीसमोर जी, जीसमोर सी. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात याला प्रतिलेखन म्हटलं आहे. मिळेल ते असं: एयूजी, जीयूजी, सीएयू, सीयूजी, एसीयू, सीसीयू, जीएजी, जीएजी, एएजी, यूसीयू. यूचा फरक सोडला तर हे पहिल्या सूत्राशी जुळतं. जुळलं नाही तर चुकीच्या सूत्रावरून वाचलंत.

मग भाषांतरण. तीन-तीन अक्षरांचे गट पाडा. प्रत्येक गट म्हणजे प्रथिनाच्या साखळीतलं एक अमिनो आम्ल. एयूजी मेथिओनिन, आणि हीच सुरुवातीची खूण. पुढे व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा ग्लुटामिक आम्ल, लायसिन, सेरिन. रायबोसोमवर ही जुळणी करणारे टीआरएनए जेमतेम ७५ ते ९० मण्यांचे असतात. एका टोकाला तीन अक्षरांचा जोडीदार, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. एकूण ६४ त्रिअक्षरी, त्यातल्या यूएए, यूएजी, यूजीए या तीन थांबण्याच्या. हा कोश उलगडण्यातल्या कामासाठी हरगोविंद खुराना यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासह १९६८ चं नोबेल मिळालं.

गट पाडताना एखादं अक्षर सुटलं तर काय होतं, तेही करून पाहा. दुसऱ्या गटातला पहिला जी खोडा आणि पुन्हा तीन-तीन करा: एयूजी, यूजीसी, एयूसी, यूजीए. चौथ्याच गटाला थांबण्याची खूण आली.

आता खालून विसावी पायरी शोधा. सातव्या गटाचं मधलं अक्षर, ए-टीची जोडी. वरच्या पायऱ्या उतरवून ती काढा, उलटी करा आणि परत घाला. कागद दोन्ही अंगांना चिकटवायला सांगितला तो यासाठी. ए होता तिथे टी आला, टी होता तिथे ए. बाकीच्या पायऱ्या पुन्हा बसवा आणि दोन पावलं मागे जाऊन पाहा: उंची तीच, जाडी तीच, पीळ तोच, रेघाही दोनच. शिडीच्या आकारावरून काही कळत नाही. पट्टी पुन्हा लिहिलीत तर सातवा गट जीयूजी होतो आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. सुरुवातीचं मेथिओनिन पुढे कापलं जात असल्यामुळे पुस्तकांत याला सहावं स्थान म्हणतात. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, पाण्यात ते मोकळं राहतं. व्हॅलिन पाण्याला टाळतं, म्हणून ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचे रेणू त्या जागी एकमेकांना चिकटून लांब दांड्या करतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आईवडील दोघांकडून अशीच प्रत आली तर सिकलसेलचा आजार होतो. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी वस्त्यांत रक्ततपासणीची शिबिरं भरतात, ती या एका उलट्या पायरीच्या शोधात.